लंडनची भुयारी रेल्वे आणि बाबागाडी

कातरवेळ

नमस्कार. मूल होईपर्यंत लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा मला पाठ आहे असा माझा समज होता. अकरा मार्ग, २७२ स्थानके, कोणत्या डब्यात चढले म्हणजे उतरल्यावर जिना नेमका समोर येतो, इथपर्यंतचे सगळे बारकावे बारा वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडले होते. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा बाबागाडी घेऊन हॅरोहून मध्य लंडनला निघाले आणि लक्षात आले, की मला पाठ असलेला तो नकाशा धडधाकट, एकट्या आणि हातात फार तर एक पिशवी असलेल्या माणसाचा होता. (इथे सगळे ‘बग्गी’ म्हणतात. आमच्या घरात मात्र तो शब्द चालत नाही, कारण बग्गी म्हटले की आईला वरातीतली घोड्यांची बग्गीच दिसते. म्हणून या धाग्यातही बाबागाडीच.)

मागच्या महिन्यात मी मध्य लंडनमधल्या एका स्थानकावर उतरले. तिथे लिफ्ट आहे हे मला पक्के ठाऊक होते, कारण नोकरीच्या काळात त्याच लिफ्टने मी शेकडो वेळा रस्त्यावर आले होते. फलाटावरच्या पाटीमागोमाग बाबागाडी ढकलत निघाले, एक वळण घेतले आणि समोर पायऱ्या. वीसच्या आतच असतील. इतकी वर्षे मी त्या पायऱ्या रोज चढत होते आणि त्या तिथे आहेत याची माझ्या डोक्यात कुठे नोंदच नव्हती. मुलगी नुकती झोपली होती, दांड्याला कपड्यांची पिशवी होती, खालच्या जाळीत बाटल्या होत्या. मी भिंतीला लागून उभी राहिले आणि दोन्ही अंगांनी माणसे वाहत राहिली. तेवढ्यात कानात इअरफोन घातलेला एक तरुण काही न बोलता वाकला, पुढच्या चाकांवरची आडवी दांडी त्याने धरली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पालखी उचलावी तशी आम्ही दोघांनी ती गाडी वर नेली. चाके टेकताच तो निघूनही गेला. मी आभार मानले ते त्याच्या पाठीचे.

आता मुद्द्याचे. पुढच्या महिन्यात आल्डविचच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे भारतीय उच्चायुक्तालयात, माझे काम आहे. त्या दिवशी नवरा शहरात नसेल. बरोबर सात महिन्यांची मुलगी आणि पुण्याहून आलेली आई असेल, आणि आईचे गुडघे दुखरे आहेत. नकाशात पाहिले तर होबर्न, टेंपल आणि कॉव्हेंट गार्डन ही तीन स्थानके जवळची आहेत, पण बाबागाडीच्या दृष्टीने तिन्ही कुचकामी. हॅरो-ऑन-द-हिलहून निघून कमीत कमी उचलाउचल करत तिथे कसे पोहोचावे? त्या निमित्ताने बाबागाडी घेऊन भुयारी रेल्वेने जाणाऱ्या इतरांनीही आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. ‘टॅक्सी करा’ हा सल्ला घरून मिळालेला आहेच.

सांधेवाला

कातरवेळ, तुमचे स्थानक कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही आणि मीही विचारत नाही, पण लिफ्ट असूनही पायऱ्या लागणारी स्थानके लंडनमध्ये का आहेत याला शंभर वर्षांपूर्वीचे कारण आहे. कॉव्हेंट गार्डन किंवा रसेल स्क्वेअर घ्या. लेस्ली ग्रीन या वास्तुरचनाकाराने १९०६-०७ च्या सुमारास अशी पन्नासएक स्थानके उभी केली. बाहेरून गडद तांबड्या चकचकीत फरशांची ती इमारत तुम्ही पाहिलेली असणार. ही स्थानके लिफ्टसाठीच बांधलेली होती, कारण सरकता जिना तेव्हा भुयारी रेल्वेत आलाच नव्हता. तो पहिल्यांदा १९११ साली अर्ल्स कोर्टला बसला. पण लिफ्टचा तळ फलाटाच्या पातळीवर न ठेवता थोडा वर ठेवलेला असे. तिथून रुळांवरून ओलांडत जाणाऱ्या बोळातून यायचे आणि शेवटच्या काही पायऱ्यांनी फलाटावर उतरायचे, अशी ती रचना. त्या काळच्या प्रवाशाला तेवढ्या पायऱ्यांचे काही वाटत नसे, आणि त्या आज काढायच्या म्हटल्या तर सगळे भुयारच नव्याने खोदावे लागेल.

पुढे सरकते जिने आले. त्यांवरून थांबा न घेता अखंड माणसे वाहतात, म्हणून अनेक ठिकाणी असलेल्या लिफ्टही काढून टाकल्या गेल्या. गर्दी हाकण्याच्या दृष्टीने तो निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही, पण ज्याच्याकडे चाके आहेत तो प्रवासी त्या हिशेबात कुणी धरलाच नव्हता. १९९९ साली ज्युबिली मार्ग वाढवला तेव्हा वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट बसवल्या. डॉकलंडची हलकी रेल्वे तर १९८७ पासूनच पायरीविरहित आहे. एलिझाबेथ मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या सर्व ४१ स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी नाही. मूळच्या भुयारी रेल्वेत मात्र आजही साधारण एक तृतीयांश स्थानकेच तशी आहेत. तुमच्या हॅरो-ऑन-द-हिलला लिफ्ट यायला २०२१ साल उजाडले, त्यामुळे तुमची मुलगी त्या बाबतीत नशीबवान म्हणायची.

नकाशावरची चाकाच्या खुर्चीची दोन चिन्हे नीट ओळखून घ्या. निळ्या गोलात पांढरी खुर्ची असेल तर रस्त्यापासून थेट डब्यात जाईपर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात निळी खुर्ची असेल तर फलाटापर्यंत पायरी नाही, मात्र फलाट आणि डबा यांच्यात उंचीचा फरक किंवा फट असू शकते. बाबागाडीला दुसरे चिन्हही पुरते, कारण पुढची चाके उचलून तेवढी उंची पार करता येते. स्वयंचलित खुर्चीवरच्या माणसाला ते पुरत नाही. जिथे कुठलेच चिन्ह नाही तिथे लिफ्ट असली तरी ती नाही असेच समजावे.

तुमच्यासाठी मला दोन मार्ग दिसतात. एक, मेट्रोपॉलिटन मार्गाची आल्डगेटकडे जाणारी गाडी धरून थेट फॅरिंग्डनला उतरणे. गाडी बदलायची नाही, डबे रुंद आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहेत, शिवाय वातानुकूलित आहेत. फॅरिंग्डनहून लिफ्टने एलिझाबेथ मार्गावर जाऊन टॉटनम कोर्ट रोडला उतरता येईल आणि तिथून बस. दोन, फिंचली रोडला मेट्रोपॉलिटन सोडून समोरच्याच बाजूला येणारी ज्युबिलीची गाडी धरणे आणि वेस्टमिन्स्टरला उतरणे. फलाट तोच असल्यामुळे जिना नाही, लिफ्ट नाही, फक्त चार पावले. वेस्टमिन्स्टरला फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत आणि डबा फलाटाशी सपाट आहे. मी असतो तर दुसरा मार्ग घेतला असता.

(अवांतर, पण मुलांना घेऊन जाण्यासारखे: ग्रीनफर्डला २०१५ मध्ये तिरकी लिफ्ट बसवली आहे. सरकत्या जिन्याशेजारून ती जिन्यासारखीच तिरपी चढते. ब्रिटनच्या सार्वजनिक वाहतुकीतली ती पहिली. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही कुठेही जायचे नसताना केवळ तिच्यासाठी ग्रीनफर्डला जात असू.)

दोन लेकींची आई

सांधेवाला यांनी मार्ग सांगितला, मी हातांचे सांगते.

डब्यात चढताना पुढची चाके आधी आत टेकवावीत आणि मग मागची ढकलावीत, हे सगळेच करतात. उतरताना मात्र पाठमोरे उतरावे. आधी आपण फलाटावर, मग मागची मोठी चाके, शेवटी पुढची. पुढची चाके लहान आणि सगळीकडे वळणारी असतात. गाडी सरळ पुढे ढकलत उतरलात तर नेमकी तीच आडवी होऊन फटीत अडकतात. बँक स्थानकाचा सेंट्रल मार्गाचा फलाट वरच्या रस्त्यांच्या वळणानुसार वाकडा आहे. तिथली फट पाहिली की हा नियम आपोआप लक्षात राहतो. रेल्वे सुटण्याआधी बाबागाडीचा ब्रेक लावावा, आणि बाबागाडी रेल्वे धावण्याच्या दिशेला आडवी ठेवावी म्हणजे रेल्वे थांबताना ती घरंगळत नाही.

पिकॅडिली मार्गाच्या जुन्या डब्यांत टोकाची दारे एकपाखी आणि अरुंद आहेत. तिथे धावत जाऊन शिरायचा प्रयत्न करू नये. मधल्या दुहेरी दाराशी उभे राहावे. तिकिटाच्या फाटकांमध्ये एक रुंद फाटक असते, ते नेहमी एका कडेला असते. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही, त्यामुळे एकाच कार्डावर तुम्ही आणि बाळ दोघेही आत. बाबागाडी उघडी ठेवून सरकत्या जिन्यावर जाणारे आईबाप मी रोज पाहते आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. लिफ्टसाठी पाच मिनिटे थांबावे लागले तर थांबावे. लिफ्ट नसेल तर बाळ कडेवर आणि गाडी मिटलेली, याला पर्याय नाही.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. दांड्याला जड पिशवी लटकवलेली असताना बाळाला उचलून घेऊ नये. बाळाच्या वजनानेच गाडी तोल सांभाळून असते. ते उचलले की सगळा भार मागे जातो आणि गाडी शांतपणे उताणी पडते. धाकटी आठ महिन्यांची असताना भर डब्यात माझी गाडी अशी पडली आणि पिशवीतला मऊ भाताचा डबा उघडून समोर बसलेल्या गृहस्थांच्या बुटांवर भात सांडला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी माझ्या पिशवीचा बंद पुसून दिला, मग बूट. तेव्हापासून जड सामान खालच्या जाळीत आणि दांड्याला फक्त दुपटे.

वेळेचे म्हणाल तर सकाळी साडेनऊच्या आत आणि संध्याकाळी चार ते सात या वेळात निघूच नये. त्या वेळात भाडेही जास्त असते, म्हणजे पैसे वाचतात हा वरकड फायदा. गरोदरपणी ‘पोटात बाळ आहे’ असे सांगणारा तो पांढरा बिल्ला कोटाला लावला की लोक उठून जागा देत. २००५ पासून तो फुकट मिळतो. बाळ पोटातून बाबागाडीत आले की तो बिल्ला खणात जातो आणि जागाही. खरे तर कंबर तेव्हाच जास्त दुखत असते.

पर्वतीचा

मी वयाने या धाग्यावरील बहुतेकांच्या वडिलांएवढा आहे, तेव्हा थोडे परखड लिहिले तर राग मानू नये. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे तीन महिने राहिलो आणि नातवाला घेऊन या रेल्वेने भरपूर हिंडलो. माझे प्रामाणिक मत असे झाले, की एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी बाबागाडी भुयारात नेऊच नये. छातीशी बांधायची झोळी मिळते, तीत बाळ शांत झोपते, आपले दोन्ही हात मोकळे राहतात आणि कुठल्या स्थानकाला लिफ्ट आहे याचा शोध घेत बसावे लागत नाही. आमच्या सूनबाईंकडे जी बाबागाडी आहे ती रिकामी असतानाच मला उचलताना दम लागतो. तिच्यावर छत्री आहे, पेला ठेवायला कडे आहे, पावसाचे आवरण आहे. नातू सोडून सगळ्यांची सोय तीत आहे.

गंमत अशी, की हलक्या बाबागाडीचा शोध याच देशात लागला. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाके ज्या सांगाड्यावर बसतात त्याच्या रचनेत त्यांचे काम होते. निवृत्तीनंतर नातवंडाची अवजड गाडी पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी १९६५ साली तयार केली. तिचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास होते. विमानाची चाके पोटात घेण्याची युक्ती त्यांनी बाबागाडीला लावली असे म्हणायला हरकत नाही. साठ वर्षांत तिला इतके अवयव फुटले, की मूळ कल्पना कुठे गेली ते शोधावे लागते.

दोन लेकींची आई

काका, राग अजिबात नाही. झोळी मीही वापरली आहे. पण सात महिन्यांचे बाळ साताठ किलोंचे असते, बरोबर कपडे, अन्न, पाणी असते, आणि ज्या बाईच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे तिला ते सगळे अंगावर बांधून दोन तास हिंडा असे सांगता येत नाही. शिवाय इच्छित स्थळी पोहोचल्यावर बाळ झोपवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. दोन्ही जवळ ठेवावे, हे माझे उत्तर. झोळी घडी करून जाळीत ठेवायची. लिफ्ट बंद निघाली की बाळ झोळीत आणि मिटलेली गाडी हातात.

पर्वतीचा

शस्त्रक्रियेचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. मान्य. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाडीबद्दलचे मत मात्र कायम आहे.

सीनकाठ

पॅरिसहून लिहीत आहे. तुम्ही लंडनवाले तक्रार करता तेव्हा आम्हाला हेवा वाटतो. इथली मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि जुन्या मार्गांपैकी एकही संपूर्णपणे पायरीविरहित नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सर्वत्र लिफ्ट असलेला मार्ग एकच, तो म्हणजे १९९८ साली सुरू झालेला चौदा क्रमांकाचा. बाकीच्या स्थानकांत गाडी बदलताना बोळातून जात असतो आणि मध्येच पाच पायऱ्या वर, पुढच्या वळणावर सात पायऱ्या खाली, असा प्रकार चालू राहतो. आम्ही शेवटी मेट्रोचा नादच सोडला आणि मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बस आणि ट्रामने फिरलो. वेळ दुप्पट लागला, पण पॅरिस पाहून झाले.

खिडकीपाशी

इतका वेळ नुसती वाचत होते, पण एक बाजू राहून जाते आहे म्हणून लिहिते. माझे पती चाकांच्या खुर्चीवर असतात. या धाग्यावर ज्या लिफ्टबद्दल आपण बोलत आहोत त्यांतील बहुतेक लिफ्ट त्यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षे मागण्या केल्या, तेव्हा झाल्या आहेत. बाबागाड्यांना त्यांचा लाभ मिळतो याचा मला आनंदच आहे. पण लिफ्टच्या दाराशी चार बाबागाड्या, सहा प्रवासी बॅगा आणि दोन निव्वळ कंटाळलेली माणसे उभी असतात आणि खुर्चीवरचा माणूस तिसऱ्या फेरीला आत जातो, हे आम्ही नेहमी अनुभवतो. बाळाला कडेवर घेऊन गाडी मिटता येते. खुर्ची मिटता येत नाही.

बसमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तिथे मोकळी जागा एकच असते. २०१२ मध्ये वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली या खुर्चीवरच्या प्रवाशाला चढता आले नाही, कारण खुर्चीच्या जागेत झोपलेल्या बाळाची गाडी होती आणि त्याच्या आईने ती मिटत नाही म्हणून हलवायला नकार दिला. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला, की चालकाने एकदा विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही, नकार अवाजवी वाटत असेल तर त्याने आणखी पाठपुरावा केला पाहिजे. त्या आईला जबरदस्तीने खाली उतरवा असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. मला दोघांचीही दया येते. झोपलेले बाळ उठवण्याची भीती काय असते ते मीही आई असल्यामुळे जाणते.

कातरवेळ, तुम्ही बसने जाणार असाल तर हे ध्यानात असू द्या. लंडनच्या सगळ्या बस सपाट मजल्याच्या आहेत, मधल्या दाराने बाबागाडी सहज चढते, पण खुर्चीवरचे कुणी आले तर ती जागा त्यांची. तेव्हा एका हाताने मिटणारी गाडी असेल तर तीच न्यावी.

कातरवेळ

खिडकीपाशी, हे लिहिलेत ते फार बरे झाले. लिफ्टच्या रांगेत मागे कोण आहे हे मी आजवर वळून पाहिले नव्हते. पाहीन.

गिरगावकर

मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. आरेपासून साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानके, त्यांतील २६ जमिनीखाली. फलाटाला काचेची दारे आहेत, लिफ्ट आहेत, डबा फलाटाशी सपाट आहे. बहीण दुबईहून आली तेव्हा तिची बाबागाडी गिरगाव स्थानकातून विनासायास वर आली. लिफ्टचे दार उघडले, आम्ही पदपथावर आलो आणि वीस पावलांत गाडी थांबली, कारण पुढे पदपथ उखडलेला, त्यापुढे उभी केलेली दुचाकी आणि त्यापुढे नारळवाला. उरलेला रस्ता भाची माझ्या कडेवर आणि बाबागाडी माझ्या भाऊजींच्या डोक्यावर. लंडनमध्ये तुम्हाला रस्ता आहे पण लिफ्ट नाही. आमच्याकडे आता लिफ्ट आहे. लोकलमध्ये तर बाबागाडीचा विचार आमच्या पिढीने कधी केलाच नव्हता. मूल कडेवर, पिशवी खांद्यावर आणि पुढचे स्थानक कुठल्या बाजूला येणार याचा घोष, हीच रीत होती.

कातरवेळ

जाऊन आलो, म्हणून वृत्तान्त.

सांधेवाला यांचा दुसरा मार्ग घेतला. पावणेदहाला निघालो. हॅरोला लिफ्टपाशी एक आजोबा चाकांच्या खुर्चीवर होते, त्यांना पुढे जाऊ दिले. आमची फेरी दोन मिनिटांनी आली. फिंचली रोडला उतरताना पाठमोरी उतरले. आई फलाटावर उभी राहून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होती. समोर ज्युबिली येऊन उभीच होती, पण आईच्या गुडघ्यांना घाई नको म्हणून ती जाऊ दिली. तीन मिनिटांत पुढची आली. वेस्टमिन्स्टरला बाबागाडी डब्यातून फलाटावर इतकी अलगद उतरली, की मुलीची मानही हलली नाही. तिथे लिफ्ट एकापुढे एक अशा घ्याव्या लागतात. त्या काँक्रीटच्या अजस्र पोकळीकडे पाहून आईने ‘हे केवढे खोदलेय ग’ एवढेच उद्गार काढले.

वर येऊन बसचा बेत होता. पहिल्या बसमध्ये आधीच दोन बाबागाड्या होत्या. चालकाने हाताने नाही म्हणून सांगितले, आणि ते योग्यच होते. दुसऱ्या बसची पाटी दहा मिनिटे दाखवत होती. ऊन पडले होते. आई म्हणाली, चालून बघू, दमले तर बसेन. मग थेम्सच्या कडेने निघालो. तो रस्ता सपाट आहे, पदपथ रुंद आहे आणि मध्ये मध्ये ओतीव लोखंडाचे बाक आहेत. त्यांतल्या काही बाकांच्या हातांच्या जागी बसलेले उंट घडवलेले आहेत. ते बाक चौथऱ्यावर असल्यामुळे एक पायरी चढून बसावे लागते, त्यामुळे बाबागाडी खालीच राहिली. शेवटचा अरुंडेल स्ट्रीटचा छोटा चढ मात्र मला ढकलताना जाणवला. सगळे धरून चाळीस मिनिटे लागली, त्यांतली पंधरा बाकावरची.

इंडिया हाउसमधले काम अर्ध्या तासात झाले. परत येताना आईला बसने जाऊ या असे म्हटले, तर तिने पर्समधून शेंगदाण्याच्या लाडवाची डबी काढून दाखवली आणि आपण पुन्हा उंटाच्याच बाकावर बसू असे सांगितले. झोळी दिवसभर जाळीतच घडी घालून पडून होती. पर्वतीचा यांना हे कळवायला हवे म्हणून लिहिते, की गाडी मी शेजारणीची मागून नेली होती. ती छत्रीसारखी मिटणारी आहे आणि तिला पेला ठेवायचे कडे नाही.